तुम्ही खेळ का सोडलात?

रविवार, ६ जानेवारी

लग्न जाळलं!

म्हणजे फोनवरच्या खेळातलं. ‘हजार तंबू’मध्ये ‘घरच्या लेकी’ म्हणून बायकांचा एक कबिला आहे. त्यातल्या कुणा हनूफचं कुवेतमध्ये खरंखुरं लग्न होतं. एक बाई सल्तची, एक स्वीडनची, एक बसऱ्याची — जाणार कोण? म्हणून त्यांनी ते खेळात मांडलं होतं. मधोमध मोठा तंबू, भोवती सगळ्यांचे तळ गोल करून, उंटांवर लाल झुली. पाहुण्यांचे तांडे आत घ्यायचे म्हणून सगळ्यांनी एकदम आपापल्या तळाची कवचं उतरवली होती. कवच उतरवल्याशिवाय पाहुणा आत येत नाही. उतरवल्यावर मात्र कोणीही येतं.

ऑफिसातले माझे साहेब, उस्ताद मुतसिम, माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, आत्ता कर हल्ला. मी घोडदळ सोडलं. चहा निवायच्या आत सगळी राख. किती महिन्यांचा साठवलेला गहू, घोडे, विहिरी — सगळं.

मग मी सगळ्यांना दिसेल असं वर लिहिलं — ‘मला बोलावलं नाहीत लग्नाला?’

ऑफिसात हशा पिकला. कवचांची विक्री लगेच चढली. जळालेलं पाहून बाकीचे कबिले घाबरतात आणि कवच विकत घेतात, हे नेहमीचंच. उस्तादांनी सगळ्यांसाठी कुनाफ्याची मिठाई मागवली. मी दोन तुकडे खाल्ले.

मंगळवार, ८ जानेवारी

खेळात सगळीकडे माझंच नाव. ‘उकाब’ — गरुड. लोकांना वाटतं आखातातला कुणी पन्नाशीचा शेख असणार, पैसा उतू जातोय म्हणून खेळात उडवतोय. माझ्या बाजूने लढणारे पुरुष मला ‘आमचा वाघ’ म्हणतात. एकाने आज विचारलं, शेख, आपल्या पायाशी जागा आहे का?

शेख म्हणजे मी. तहानी. यर्मूक विद्यापीठाची संख्याशास्त्राची पदवी. जबल हुसेनला आईबरोबर राहते. शेअरच्या सर्विस टॅक्सीत ‘इथे उतरायचंय’ म्हणायला लाज वाटते म्हणून पुढच्या चौकात कोणी दुसरं उतरेल तिथे उतरते आणि मागे चालत येते. मीटिंगमध्ये माझं वाक्य कोणीतरी मध्येच तोडतो आणि मी ते तोडू देते.

खेळातले हिरे बाकीच्यांना विकत घ्यावे लागतात; मला खेळ काढणारी आमची कंपनीच पुरवते, हवे तितके. खेळणाऱ्यांना अर्थात ठाऊक नाही. आईला वाटतं मी आकडेमोड करते.

खोटं कशाला लिहू, आवडतं मला हे. दुपारी खुर्चीत बसले की पाठ आपोआप ताठ होते.

गुरुवार, १० जानेवारी

ऑफिसातल्या लुब्नाला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत झोपून राहायला सांगितलंय. तिचं काम माझ्याकडे आलं. खेळ सोडून गेलेल्यांना फोन करायचे, का सोडलात ते विचारायचं. सकाळी फोन, दुपारी उकाब.

उस्ताद म्हणाले, तुझा आवाज गरीब आहे, लोक खरं बोलतील.

मी हो म्हणाले. मी नेहमीच हो म्हणते.

रविवार, १३ जानेवारी

पहिला दिवस. घसा बसला.

वाटलं होतं लोक फोन आपटतील. उलट! कुणीतरी विचारतंय याचंच त्यांना अप्रूप. झर्काच्या एका औषधवाल्याने लांबलचक तक्रार ऐकवली. आधी डोकं चालवणारा जिंकायचा, आता हिरे घेणारा जिंकतो, मग मी डोकं कशाला चालवू? इर्बिदचा एक विद्यार्थी म्हणाला, खेळाला काही झालेलं नाही, माझे चौघे मित्र गेले. तो खेळायला येतच नव्हता, त्यांच्याशी गप्पा मारायला यायचा. रिकाम्या तळावर बसून करणार काय.

अकाबा बंदरावरचा एक क्रेनवाला. त्याचं बोलणं डोक्यातून जात नाही. म्हणाला, गहू वेळेवर काढला नाही तर सडतो तुमच्याकडे. जेवताना, गाडीत, लग्नकार्यात माझा हात फोनवर. वडिलांना मूठमाती दिली आणि तिथेच, कबरस्तानात, मी खिशातून फोन काढून गहू काढला. धाकट्या भावाने पाहिलं. घरी येऊन मी खेळ पुसून टाकला.

या सगळ्यासाठी समोर चौकटी आहेत. महाग. वेळ नाही. कंटाळा. फोन बदलला. इतर. क्रेनवाल्याला मी ‘वेळ नाही’मध्ये टाकलं.

सोमवार, १४ जानेवारी

आज तीन जणांनी कारण म्हणून माझं नाव सांगितलं.

पहिल्या वेळी हसू आलं. वाटलं, वा, काय दरारा! दुसरा माणूस अजलूनचा, बोलायला सभ्य. म्हणाला, "हरण्याचं काही नाही हो. माणूस हरतो. तो वर हसतो ना, ते नको वाटतं. दिवसभर वरिष्ठ हसतात, घरी मेहुणा हसतो. पैसे देऊन आणखी एकाचं हसणं कोण विकत घेईल?"

मी म्हणाले, मी वर कळवते.

तिसरी मुलगी होती, आवाजावरून कॉलेजातली. तिचा तळ मी कधी जाळला तेही मला आठवेना. तिला तारीख पाठ होती.

उकाबासाठी चौकट नाही. तिघांनाही ‘कंटाळा’मध्ये टाकलं. बोटाने दाबलं आणि लगेच आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का.

मंगळवार, १५ जानेवारी

दुपारी उकाब म्हणून खेळले. हल्ला केला, वर लिहिलं काही नाही. माझ्या बाजूचे विचारत होते — शेख आज गप्प का?

बुधवार, १६ जानेवारी

सल्तचा नंबर आला. ‘घरच्या लेकीं’ची म्होरकी, उम्म लैस, म्हणजे लैसची आई. नाव वाचून वाटलं, हा फोन लागू नये. पहिल्या घंटीलाच उचलला.

मी ठरलेलं वाक्य म्हणायला लागले. अर्ध्यातच तिने विचारलं, सर्दी झालीय का तुला? आवाज बसलाय. मरमिय्याची पानं घालून चहा घे, साखर जास्त. घरी आहे का कोणी करून देणारं? मी म्हणाले आई आहे. मग ठीक, म्हणाली, आता विचार काय विचारायचंय ते.

"तुम्ही खेळ का सोडलात, मावशी?"

‘मावशी’ नाही म्हणायचं, ‘आपण’ म्हणायचं असतं. तोंडातून गेलं.

"सोडला?" ती म्हणाली. "घर जळलेल्या माणसाला तू घर का सोडलंस म्हणून विचारतात का, पोरी?"

तीच मग सांभाळून घेतल्यासारखी म्हणाली, तुझा काय दोष, तू नोकरी करतेस. तुमच्या कंपनीत कुणाला तरी भेटायचंच होतं मला, एक काम आहे, फोनवर सांगता येणार नाही. माझ्या कमरेला जिना सोसत नाही, तूच ये. शुक्रवारी मकलूबा करते.

मी हो म्हणाले. या वेळचं ‘हो’ कशासाठी, मलाच कळत नाही. आपण जाळलेलं घर बघायला?

शुक्रवार, १८ जानेवारी

स्वेलेहच्या थांब्यावरून बसने सल्तला गेले. आईला सांगितलं मैत्रिणीकडे.

उम्म लैसचं नाव फिर्याल. भूगोलाची शिक्षिका होती, निवृत्त झाली. धिप्पाड बाई, चालताना भिंतीला धरते. नवरा नाही, मुलगा लैस कॅनडात. घर डोंगराच्या पोटात. खाली रस्त्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या, म्हणून ती महिनोन्‌महिने खाली उतरत नाही. सोब्याच्या शेगडीजवळची खुर्ची मला दिली, पायांवर घोंगडी टाकली, मकलूब्याचं पातेलं मलाच उलटं करायला लावलं. छान सुटला भात. ती म्हणाली, हात चांगला आहे तुझा.

मी हात घोंगडीखाली घेतला.

तिच्या बायका काय करायच्या ते सांगत होती. लढाई कधीच नाही. दुपारची नमाज झाली की सगळ्या आपापल्या तळावर येऊन बसायच्या. स्वीडनची रिमाझ म्हणायची, इथे आत्ताच काळोख पडला. हनूफ कुवेतची उष्णता सांगायची. कोणाचं पोर आजारी, कोणाच्या नणंदेने काय केलं. गहू सडला तर सडला. कंपनीचा काय फायदा आमच्यापासून, ती हसून म्हणाली, आम्ही कधी फुटका हिरा विकत घेतला नाही.

तेवढ्यासाठीच तर निवडलं होतं त्यांना. पैसे न देणाऱ्यांचं जळलं की पैसे देणारे सावध होतात.

मग ती कामाचं बोलली. आग लागली तेव्हा सगळ्याजणी घाबरून काहीबाही लिहीत होत्या. रिमाझ तर रडत होती म्हणे, तिने शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळात येऊन-येऊन एकेक विहीर बांधली होती. फक्त एकीने काहीच लिहिलं नाही. नख्ला. बसऱ्याची. वय साठीच्या आसपास. खजुराच्या झाडाचं नाव घेतलेली बाई, खरं नाव कुणाला माहीत नाही. बाकीच्यांचे फोन नंबर एकमेकींकडे होते, त्यांनी दुसरीकडे गट केला. नख्लाने नंबर कधीच दिला नव्हता. नवरा टगबोटीवर होता, आता घरी असतो. तो घोरतो, जेवणाला नावं ठेवतो, फोनवर बसलेलं त्याला खपत नाही, असं पूर्वी फार लिहायची. म्हणून कुणी नंबरासाठी आग्रह धरला नाही. लग्नाच्या दिवसापासून तिचा पत्ता नाही.

"बाकी जळलं ते जळलं," मावशी म्हणाली. "विहिरी पुन्हा खोदता येतात. पण ती माझ्या हातून हरवली. सहा वर्षं रोज भेटत होतो. मेली की जिवंत आहे, तेवढं बघशील?"

बघते, म्हणाले.

निघताना तिने डब्यात मकलूबा भरून दिला, आईसाठी. पायऱ्या उतरताना डबा गरम लागत होता हाताला. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, काय सुंदर वास येतोय, कोणी केलं? मी म्हणाले, मावशीने.

रविवार, २० जानेवारी

उस्तादांच्या खोलीत गेले. स्वतःहून, पहिल्यांदा. मी म्हणाले, लोक उकाबामुळे जातायत. थांबवूया त्याला.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले, मला आकडे दाखवले, अगदी प्रेमाने. शांत बसलेला माणूस खेळ सोडत नाही, पण काही विकतही घेत नाही. चिडलेला घेतो. त्यातला एखादा जातो, जाऊ दे. मी म्हणाले, पण ते लग्न —

"तहानी, मी फक्त हल्ला कर म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते लग्नाला बोलावण्याचं वाक्य तुझं. मला तर सुचलंच नसतं."

आणि कौतुकाने पाठ थोपटली.

खरं आहे. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं मी ते लिहिलं नसतं तर. हल्ला नोकरीचा होता. हसणं माझं होतं. अजलूनच्या माणसाला तेच लागलं होतं आणि तेच एक मी फुकट, आपखुशीने केलं होतं. सर्विस टॅक्सीत तोंड न उघडणारी मी — जिथे कुणी ओळखत नाही, मारणारं कुणी नाही, तिथे कशी वाचा फुटली!

आईने विचारलं, जेवत का नाहीस. म्हणाले, ऑफिसात खाल्लं.

सोमवार, २१ जानेवारी

खेळले. जाळलं. जमणार नाही असं वाटलं होतं. जमलं.

गुरुवार, २४ जानेवारी

फोन करणाऱ्यांच्या जागेवरून कुणाचंही खातं उघडता येतं. कामाशिवाय उघडायचं नसतं. इराककडच्यांना तर कंपनी फोनही करत नाही. तिकडून पैसे येत नाहीत. नख्लाचं उघडलं. नंबर होता. हातावर लिहून घेतला आणि बाही खाली ओढली.

घरी येऊन हातात फोन घेऊन बसले. मग सुचलं, नवऱ्याने उचलला तर? बायको इतकी वर्षं चोरून खेळत होती हे त्याला माझ्यामुळे कळलं तर? एकदा तिचा तंबू जाळलाय. आता घरही पेटवायचं?

नंबर कागदावर उतरवला आणि हात धुतला.

सोमवार, २८ जानेवारी

दोनदा मावशीचा फोन येऊन गेला. उचलला नाही. तिसऱ्यांदा तिने निरोप टाकला — सर्दी गेली का?

गुरुवार, ३१ जानेवारी

दिवसभर पाऊस. फोनवर एक म्हातारा भेटला, मादबाचा. का सोडलात विचारलं तर म्हणाला, मला सोडायचा नव्हता, पण तिथे जाऊन आल्यावर मी नातवंडांवर ओरडायचो. सून म्हणाली, बाबा, तुम्ही कुठे जाऊन येता?

याला कोणत्या चौकटीत टाकू? मी त्याला कुठेच टाकलं नाही. उद्या सल्तला जाते.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

सांगितलं.

वाटेत बसमध्ये सगळी वाक्यं जुळवली होती. नोकरी, घरची परिस्थिती, उस्ताद. दारात तिने माझे ओले बूट काढून सोब्यापुढे ठेवले आणि जुळवलेलं सगळं गळून गेलं. उभ्या उभ्याच म्हणाले, मावशी, उकाब म्हणजे मी आहे.

तिला वाटलं मी त्याला ओळखते असं म्हणतेय. भेटलीस का त्याला, म्हणाली. कसा आहे? मला नेहमी वाटतं, त्याला कुणी फार छळलं असणार. मी पुन्हा सांगितलं. कंपनी मला हिरे देते, मी उकाब म्हणून लॉग-इन करते, तुमचं लग्न मी जाळलं. या बोटांनी.

ती हळूच खाली बसली. भिंतीला धरून. मी उभीच. मग तिने एकच विचारलं.

"ते वाक्य? तेही कंपनीने सांगितलं होतं?"

हो म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. उस्तादांच्या माथी मारलं असतं तर तिने मला जवळ घेतलं असतं, मला ठाऊक आहे.

"नाही," म्हणाले. "ते माझं."

तिने मान हलवली, जशी वर्गात उत्तर बरोबर आल्यावर शिक्षिका हलवते. ओरडली नाही. ओरडली असती तर रडता आलं असतं मला. चहा ओतलेला होता, तो माझ्यापुढे सरकवला.

"चहा पिऊन जा, बाहेर थंडी आहे," ती म्हणाली. "आणि पुन्हा येऊ नकोस."

मी चहा प्यायले. सगळा. ती समोर बसून खिडकीबाहेर बघत होती. बूट अजून ओलेच होते, तसेच चढवले. दारात मागून म्हणाली, नख्लाचं कळलं तर फोन नको करूस, लिहून पाठव.

या वेळी डबा नव्हता.

रविवार, ३ फेब्रुवारी

राजीनामा दिला. उस्ताद म्हणाले, खेळ आहे गं, कुणी मेलंय का? मी म्हणाले, माहीत नाही. त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. मला खरंच माहीत नाही.

आईला संध्याकाळी सगळं सांगितलं. तिला हिरे, कबिले काही कळेना. तिने तिच्या पद्धतीने समजून घेतलं. म्हणाली, म्हणजे तू बुरखा घालून लोकांच्या घरांवर दगड मारत होतीस.

हो आई. पगार घेऊन.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

राहवलं नाही, खेळ उघडून पाहिला, दुसऱ्याच नावाने. उकाबाने आज सकाळी एक तळ जाळला. वर लिहिलंय — ‘झोपलात का?’

म्हणजे मी गेले आणि काही थांबलं नाही. माझ्या खुर्चीत कुणीतरी बसलंय, त्याचीही पाठ ताठ झाली असेल. मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी थांबेल. स्वतःला भलतीच मोठी समजत होते, चांगलं वागतानासुद्धा.

खेळ पुसून टाकला. पुसताना त्याने विचारलं — ‘आपण का जात आहात?’ खाली त्याच चौकटी.

शनिवार, ९ फेब्रुवारी

बसऱ्याचा कागद पर्समधून उशीखाली, उशीखालून पर्समध्ये. ठरवलंय, बाईने उचलला तर बोलायचं. पुरुषाने उचलला तर चुकून लागला म्हणायचं.

बुधवार, १३ फेब्रुवारी

लावला. पुरुषानेच उचलला. माझं ठरवलेलं सगळं विसरले, ‘हजार तंबू’ म्हणून गेले. तिचा नवरा होता. मग म्हणाला, "नख्ला गेली, बेटी. मागच्या उन्हाळ्यात. ताप आला आणि गेली."

मी म्हणाले, पण ती तर लग्नाच्या दिवसापर्यंत रोज लिहीत होती.

"मी लिहीत होतो."

दफन करून घरी आला तर तिच्या फोनवर खेळातल्या बायका विचारत होत्या, नख्ला, कुठेस? एकदाच ‘बरी आहे’ लिहिलं. मग खरं सांगायचा धीर झाला नाही, आणि दुपारी तिला हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं. जुनं सगळं वाचून तिच्यासारखं लिहायला शिकला. स्वतःच्या घोरण्याबद्दलचंही वाचलं. लग्नासाठी बायकांनी नख्लाच्या आवाजातलं गाणं मागितलं होतं. तिच्यासारखा गळा सबंध मोहल्ल्यात नव्हता म्हणे. त्या दिवशी ते पाठवायचं होतं. तो फोन हातात धरून बसला होता, आज सगळं उघडं पडणार म्हणून. आणि तेवढ्यात उकाब आला. "देवाने त्याचं भलं करावं. सगळं जळलं आणि मी सुटलो."

मी कोण ते सांगितलं नाही. त्या बायकांना कळू देऊ नकोस, म्हणाला. हो म्हणाले.

मावशीला लिहून पाठवलं — नख्ला सापडली नाही. माझ्यामुळेच खेळ सोडून गेली.